पाठीवर दोन टाक्या: हवेचा हिशेब आणि मधला व्हॉल्व्ह

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका टाकीवर स्कूबा डायव्हिंग शिकलेला माणूस जोडटाक्यांकडे वळतो, तेव्हा बहुतेकदा त्याच्या डोक्यात एकच गणित असते: हवा दुप्पट, म्हणजे पाण्याखालचा वेळ दुप्पट. हे गणित धोक्याचे आहे. ट्विनसेट म्हणजे जोडटाक्यांचा संच. त्याचे व्हॉल्व्ह, त्याचे गेज आणि त्यातल्या हवेचे नियोजन यांबद्दल मराठीत नेमके लिहिलेले फार थोडे वाचायला मिळते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी रचना पाहू. दोन टाक्या स्टीलच्या पट्ट्यांनी एकत्र आवळलेल्या असतात आणि त्यांच्या माना मॅनिफोल्ड नावाच्या आडव्या नळीने जोडलेल्या असतात. उजवीकडे एक व्हॉल्व्ह, डावीकडे एक आणि नळीच्या मध्यावर तिसरा. हा तिसरा म्हणजे आयसोलेटर. उजव्या आणि डाव्या व्हॉल्व्हवर एकेक स्वतंत्र फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीतला दाब कमी करणारा भाग, बसते. प्रचलित मांडणीत उजव्या बाजूला साधारण दोन मीटरच्या लांब होजवरचा (लवचिक नळीवरचा) मुख्य रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग, आणि विंगचा, म्हणजे तरंगण्यासाठी पाठीवर असलेल्या हवेच्या पिशवीचा, इन्फ्लेटर (हवा भरायची जोडणी) असतो. डाव्या बाजूला हनुवटीखाली रबरी गळपट्टीत अडकवलेला राखीव रेग्युलेटर, प्रेशर गेज आणि ड्रायसूटचा, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटचा, इन्फ्लेटर. विंग आणि ड्रायसूट मुद्दाम वेगवेगळ्या बाजूंना दिलेले असतात, म्हणजे एक बाजू बंद करावी लागली तरी तरंगण्याचे एक साधन हातात राहते.

एक गोष्ट नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. उजवा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे उजवी टाकी बंद होत नाही, बंद होतो तो फक्त उजवा रेग्युलेटर. उजव्या टाकीतली हवा मॅनिफोल्डमधून डाव्या रेग्युलेटरला मिळतच राहते. दोन टाक्या खऱ्या अर्थाने वेगळ्या करतो तो फक्त मधला व्हॉल्व्ह. मॅनिफोल्डचा सगळा फायदा यात आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा सापळाही यातच आहे.

समजा, आयसोलेटर चुकून बंद राहिला. टाक्या भरताना कोणी फिरवला असेल, तपासणीनंतर उघडायचा विसरला असेल, कारण काहीही असो. डायव्हर उजव्या रेग्युलेटरवर श्वास घेतो आहे, म्हणजे हवा फक्त उजव्या टाकीतून जाते आहे. गेज मात्र डाव्या बाजूला आहे. ते २०० बार दाखवते. दहा मिनिटांनी बघितले तरी २०० बार. खूश होऊन तो मनाशी म्हणतो, आज श्वास छान संथ चालला आहे. ३० मीटरवर मिनिटाला पृष्ठभागावरच्या मापाने २० लिटर घेणारा माणूस प्रत्यक्षात ८० लिटर वापरतो, कारण तिथे दाब ४ बार असतो. दोन्ही १२ लिटरच्या टाक्या जोडलेल्या असत्या तर मिनिटाला साधारण ३.३ बार उतरले असते. एकट्या १२ लिटरच्या टाकीतून मात्र ६.७ बार उतरतात. अर्ध्या तासात ती टाकी संपते आणि गेजवर तेव्हाही २०० बारच असतात. श्वास ओढायला जड होतो, मग ओढलाच जात नाही. समोर भरलेले गेज आणि तोंडात हवा नाही, अशा अवस्थेत माणूस विचार करत नाही, वर धावतो. खरे तर त्याच्या पाठीवर आख्खी भरलेली डावी टाकी असते आणि तिचा रेग्युलेटर हनुवटीपासून चार बोटांवर लटकत असतो.

म्हणून न हलणारा काटा ही आनंदाची नव्हे, तपासणीची खूण आहे. ३० मीटरवर पाच मिनिटांत वरच्या उदाहरणातला काटा १६-१७ बार खाली यायलाच हवा. आला नाही तर कारणे मुख्यतः दोन: आयसोलेटर बंद आहे, नाहीतर डावा व्हॉल्व्ह बंद आहे. डावा व्हॉल्व्ह बंद असला तर गेजच्या होजमध्ये कोंडलेला दाब तसाच दिसत राहतो. दोन्हींतला फरक पाण्यातच काही सेकंदांत कळतो. एक डोळा काट्यावर ठेवून गळ्यातल्या राखीव रेग्युलेटरचे पर्ज बटण, म्हणजे हवा मोकळी सोडणारे बटण, दाबायचे. काटा कोसळून शून्याकडे गेला आणि हवा आटली, तर डावा व्हॉल्व्ह बंद आहे. हवा जोरात वाहत राहिली आणि काटा जवळजवळ जागचा हलला नाही, तर डाव्या टाकीत हवा आहे आणि मधला व्हॉल्व्ह बंद आहे. ही तपासणी प्रत्येक ट्विनसेट डायव्हरला झोपेतही करता यायला हवी.

डावा व्हॉल्व्ह आपोआप बंद होण्याचेही कारण आहे. बुडालेल्या जहाजात किंवा गुहेत माथ्यावर छत असते. डायव्हर पुढे सरकतो आणि नॉब छताला घासतो. घासताना नॉबचा वरचा भाग मागे ओढला जातो. डाव्या नॉबसाठी ही दिशा बंद होण्याची असते, उजव्यासाठी उघडण्याची. म्हणजे पुढे जाताना डावा आपसूक बंद होत जातो. छताला किंवा तारेला घासल्याचे जाणवले की हात मागे नेऊन तिन्ही नॉब चाचपायचे, लगेच, तिथल्या तिथे.

टाक्या भरून घेतानाही आयसोलेटरवर लक्ष ठेवावे लागते. तो बंद असताना एकाच बाजूने भरले तर एका टाकीत २०० बार आणि दुसरीत मागच्या वेळचे ६० बार उरतात. मग पाण्यात उतरण्यापूर्वी कोणी मधला व्हॉल्व्ह उघडला की सूं आवाज होतो आणि दोन्हीकडे सुमारे १३० बार होतात. हवाच भरली असेल तर एवढ्यावर भागते, डाइव्ह छोटी करायची. नायट्रॉक्स, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण, असेल तर प्रकरण गंभीर आहे: एका टाकीत ३२ टक्के ऑक्सिजन आणि दुसरीत भलतेच काही. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची खोलीची मर्यादा, ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बार धरून, ३३ मीटर आहे. दुसऱ्या टाकीत त्याहून जास्त ऑक्सिजन असेल तर तीच ३३ मीटर खोली ऑक्सिजनच्या विषबाधेने येणाऱ्या झटक्यांना आमंत्रण देते. अरुंद नळीतून दाब समान होतो, मिश्रण समान होत नाही. म्हणून मधला व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही टाक्यांमधला ऑक्सिजन वेगवेगळा मोजायचा, आकडे त्या त्या टाकीवरच्या पट्टीवर लिहायचे आणि अॅनलायझर खाली ठेवण्यापूर्वी आयसोलेटर पुन्हा उघडायचा.

व्हॉल्व्ह किती उघडावा, यावर अजून जुनी सवय दिसते: पूर्ण उघडून अर्धा फेरा मागे. ही सवय सोडावी. अर्धा फेरा मागे घेणारा हात एखादे दिवशी दिशा विसरतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून अर्धा फेरा उघडतो. काठावर सगळे ठीक वाटते, कारण तेवढ्या फटीतून कमी दाबावर हवा पुरते. खोल गेल्यावर प्रत्येक श्वासात जास्त हवा लागते आणि फट अपुरी पडते. व्हॉल्व्हच्या दोनच अवस्था असाव्यात: पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. खात्रीसाठी उतरण्यापूर्वी गेजकडे पाहत राखीव रेग्युलेटरवर तीन-चार खोल श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल तर डावा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. मात्र गेज डाव्या बाजूला असल्याने उजव्या व्हॉल्व्हबद्दल आणि आयसोलेटरबद्दल काटा काही सांगत नाही. ते दोन नॉब हाताने चाचपूनच पाहायचे.

आता हवेचा हिशेब. तो लिटरमध्ये करायचा. गेज बार दाखवते, फुप्फुसे लिटर मागतात. दोन १२ लिटरच्या टाक्या म्हणजे २४ लिटर. २०० बारला ४,८०० लिटर हवा, आणि गेजवरचा प्रत्येक बार २४ लिटरचा. स्वतःचा वापर मोजायला १० मीटरवर दहा मिनिटे एकाच खोलीवर शांतपणे पोहावे. १६ बार उतरले तर १६ गुणिले २४ म्हणजे ३८४ लिटर. त्याला दहा मिनिटांनी आणि तिथल्या २ बार दाबाने भागले की मिनिटाला १९ लिटरच्या आसपास येते. हे मोजमाप एकदा करून पुरत नाही. थंड पाण्यात, प्रवाहात, जाड सूटमध्ये आकडा वेगळा येतो. आणि घाबरलेला माणूस शांत असतानाच्या दीडपट-दुप्पट सहज ओढतो.

त्यामुळे किमान राखीव हवा काढताना माणशी ३० लिटर तरी धरावेत, आणि माणसे दोन धरावीत, कारण राखीव हवा आपल्यासाठी नसते, हवा संपलेल्या जोडीदाराला घेऊन वर येण्यासाठी असते. उदाहरण ३० मीटरचेच घेऊ. तळाशी गोंधळ निस्तरायला दोन मिनिटे: ६० लिटर गुणिले ४ बार गुणिले २, म्हणजे ४८० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला सुमारे तीन मिनिटे, सरासरी दाब २.७५ बार: ४९५ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७० लिटर. शेवटचे पाच मीटर सावकाश, एक मिनिट: ७५ लिटर. बेरीज १,३२०. चोवीसने भागले की ५५ बार येतात, वरच्या दहाच्या पटीला नेऊन ६०. म्हणजे गेजवर ६० बार दिसण्याआधीच वर निघालेले असले पाहिजे. हीच डाइव्ह एका १२ लिटरच्या टाकीवर केली तर राखीव आकडा ११० बार येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त टाकी. ३० मीटरवर एका टाकीने ‘५० बारला वर’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. डीकॉम्प्रेशनचे, म्हणजे शरीरात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे सक्तीचे, थांबे असतील तर तेही याच पद्धतीने, दोघांसाठी, त्यात मिळवायचे.

डोक्यावर छत असेल, सरळ वर जाता येत नसेल, तिथे तिसऱ्या हिश्श्याचा नियम लागतो: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. २३० बार असतील तर तीनने भाग जाणारा खालचा सोयीचा आकडा २१० घ्यायचा, त्याचा तिसरा हिस्सा ७०, आणि २३० मधून ७० गेले की, म्हणजे १६० बारला, परत फिरायचे. जोडीतला कोणीही आपल्या आकड्याला पोचला की दोघेही फिरतात, वाद नाही. टाक्या वेगवेगळ्या असतील तर हिस्से बारमध्ये मोजू नयेत. एकाकडे दोन ७ लिटरच्या आणि दुसऱ्याकडे दोन १२ लिटरच्या टाक्या आहेत, दोघांकडे २०० बार आहेत, असे समजा. लहान टाक्यांचा तिसरा हिस्सा ६६ बार, म्हणजे ९२४ लिटर. मोठ्या टाक्यांमध्ये ९२४ लिटर म्हणजे जेमतेम ३८ बार. मोठ्या टाक्यावाल्याने १६२ बारला फिरायचे. त्याने ६६ बार आत वापरले तर परतीला त्याला तेवढीच हवा लागेल, आणि वाटेत त्याची हवा गेली तर लहान टाक्यांमधली राखीव हवा त्याला पुरणार नाही.

तिसऱ्या हिश्श्याच्या नियमात शिल्लक काहीच नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. सर्वांत आतल्या टोकाला एकाची सगळी हवा गेली तर दुसऱ्याकडचे दोन हिस्से दोघांना बाहेर यायला नेमके पुरतात, तेही दोघे जाताना जितके शांत होते तितकेच शांत राहिले तर. एका होजवरून जोडीने गाळातून येताना कोणी तितके शांत राहत नाही. म्हणून आमचे मत असे की नवख्या जोडीने, किंवा दृश्यता बिघडण्याची शक्यता असेल तिथे, चौथ्या हिश्श्याला फिरावे.

काही जण मॅनिफोल्ड न लावता दोन टाक्या स्वतंत्र ठेवतात. बगलेखाली टाक्या घेणारे साइडमाउंट डायव्हरही हेच तत्त्व पाळतात. तिथे आयसोलेटरचा सापळा नाही, पण दोन्ही टाक्यांना स्वतःचे गेज लागते आणि रेग्युलेटर बदलत राहावे लागते. दोन्हींत २१० बार असतील तर पहिली १४० पर्यंत, मग दुसरी १४० पर्यंत, तिथे फिरायचे. परतताना दुसरी ७० पर्यंत आणि शेवटी पहिली ७० पर्यंत. या क्रमात कुठल्याही क्षणी एक टाकी पूर्ण गेली तरी दुसरीतली हवा बाहेर यायला पुरते. बदलायचे विसरून एकच टाकी ओढत राहिले की ही हमी संपते.

बिघाडाची पहिली खूण बहुधा कानाला कळते. मागून फुसफुस किंवा जोराचा खळखळाट येतो. आधी थांबायचे, खोली धरून ठेवायची, टॉर्चने जोडीदाराला खूण करायची. आवाज उजव्या कानामागून असेल तर उजवा व्हॉल्व्ह बंद करून राखीव रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, डावीकडून असेल तर डावा बंद. उजवा बंद केल्यावर विंग इन्फ्लेटरने भरत नाही, तोंडाने भरावी लागते. डावा बंद केल्यावर गेज निरुपयोगी होते. दोन्ही प्रसंगी दोन्ही टाक्यांमधली सगळी हवा उरलेल्या रेग्युलेटरला मिळत राहते. बाजू कळली नाही तर काय करावे, यावर प्रशिक्षणाच्या पद्धतींत मतभेद आहेत. काही जण आधी उजवा बंद करायला शिकवतात, काही जण आधी आयसोलेटर. आमचा कौल आयसोलेटरला आहे, कारण त्याने निदान निम्मी हवा तत्काळ वाचते आणि उरलेला शोध सावकाश घेता येतो. पण जोडीतल्या दोघांचा क्रम एकच असणे याहून महत्त्वाचे आहे. तो उतरण्यापूर्वी ठरवावा.

गळती व्हॉल्व्हच्या खाली, टाकीच्या मानेच्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून) असेल, तर तो व्हॉल्व्ह बंद करून काहीच थांबत नाही. तिथे आयसोलेटर बंद करायचा आणि आधी गळक्या टाकीवरच श्वास घ्यायचा, कारण ती हवा नाहीतरी जाणारच आहे. धडकी भरवणारा आवाज आणि खरा धोका यांचाही नेहमी मेळ नसतो. गेजची होज हाय प्रेशरची असते, ती फुटली की भरपूर बुडबुडे आणि कर्कश आवाज येतो, पण तिच्या मुळाशी टाचणीएवढे छिद्र असते आणि हवा हळू जाते. रेग्युलेटर किंवा इन्फ्लेटरच्या होजमध्ये दाब पाण्याच्या दाबापेक्षा जेमतेम ९-१० बार जास्त असतो, पण वाट रुंद असते, त्यामुळे ती फुटली की टाकी भराभर रिकामी होते. तिथे सेकंद मोलाचे असतात. रेग्युलेटर आपोआप वाहू लागला तर दोष दर वेळी तोंडातल्या भागाचा नसतो. फर्स्ट स्टेजची सीट, म्हणजे आतली झडप बंद करणारी बैठक, झिजली की होजमधला दाब चढत जातो आणि सेकंड स्टेजचा, म्हणजे तोंडातल्या भागाचा, व्हॉल्व्ह तो बाहेर सोडून देतो. अशा वेळी रेग्युलेटर उलटा करून, झटकून उपयोग नाही, व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. आणि कुठलाही बिघाड झाला की, तो सुटला असला तरी, डाइव्ह तिथे संपते.

हे सगळे हात मागे पोचत असेल तरच. पुष्कळ डायव्हरांचा हात पोचत नाही, आणि दोष खांद्याला देतात. बहुधा टाक्या खाली बसलेल्या असतात. पट्ट्या टाक्यांवर थोड्या खाली सरकवल्या की टाक्या पाठीवर वर येतात. मान मागे टाकली की डोके मॅनिफोल्डला अलगद टेकेल इतपत. ड्रायसूट काखेत आखूड असेल तर तो आधी बदलावा. पाण्यात दुसऱ्या हाताने टाकीचा तळ वर ढकलला तरी बोटभर अंतर कमी होते. नॉब रबरी आणि बोटांना पकड देणारे असावेत. कडक प्लास्टिकचे नॉब आपटल्यावर तडकतात.

सराव करताना प्रत्येक हालचाल पूर्ण करावी. उजवा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मुख्य रेग्युलेटर कोरडा होईपर्यंत श्वास घ्यायचा, म्हणजे बंद झाल्याची खात्री पटते. राखीव तोंडात घेऊन उजवा पूर्ण उघडायचा, मुख्य पर्ज करून पाहायचा. आयसोलेटर बंद, पुन्हा पूर्ण उघडा. मुख्य रेग्युलेटर तोंडात घेऊन डावा बंद करायचा, राखीव पर्ज करून रिकामा करायचा, डावा पूर्ण उघडायचा, काटा परत वर आला का पाहायचे. शेवटी तिन्ही नॉब उघडण्याच्या दिशेने चाचपायचे, आणि जोडीदाराने मागून नजर टाकायची. सरावानंतर बंद राहिलेला आयसोलेटर ही याच सरावातून निघणारी चूक आहे, म्हणून ही शेवटची फेरी वगळू नये.

आणखी दोन-तीन बाबी थोडक्यात. ४,८०० लिटर हवेचे वजन जवळजवळ पावणेसहा किलो असते. शिसे ठरवताना टाक्या जवळपास रिकाम्या धराव्यात, नाहीतर शेवटच्या थांब्याला खोली धरता येत नाही. भरताना तापलेल्या टाक्यांचा आकडा खरा मानू नये: ५० अंशांना दिसणारे २२० बार २० अंशांच्या पाण्यात २०० च्या आसपास येतात. आणि हवा वाचवण्यासाठी श्वास रोखू नये, त्याने कार्बन डायऑक्साइड साचतो, डोके दुखते, खोलीवरची गुंगी वाढते आणि शेवटी श्वास आणखी जोराने चालतो.

डायव्हिंग शिकवणाऱ्या आणि डायव्हरांना पाण्यात नेणाऱ्या सर्वांना आमची एक विनंती आहे. ट्विनसेट घेऊन कोणी आले की खोल पाण्यात नेण्यापूर्वी त्याला ६ मीटरवर, तळाला न टेकता आणि अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वर-खाली न होता, तिन्ही व्हॉल्व्ह बंद-उघडे करायला लावावेत. ज्याला ते जमत नाही त्याला त्या दिवशी एकच टाकी द्यावी आणि त्या टाकीला झेपेल एवढ्याच खोलीवर न्यावे.

आपले,
जोडटाक्यांचे डायव्हिंग शिकवणारे काही प्रशिक्षक